साहेबाचा अंमल
१. ‘साहेब’ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स. जाम नदीच्या दोन काठांवरचे पांढुर्णा आणि सावरगाव तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. १८१७ मध्ये सीताबर्डीला कंपनीपुढे भोसल्यांची हार झाली; पुढे त्यांचे राजे आप्पासाहेब कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात शिरले. कंपनीने १८१८ मध्ये अल्पवयीन तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवले. गादी राजाची, दप्तर जेन्किन्सचे: मुलखावर इंग्रज अंमलदार, जमाबंदीही त्यांच्याच देखरेखीखाली. जेन्किन्सला ‘रयतेचा पालक’ म्हणणे जरा उदारपणाचेच. वसुलीची घडी बसवण्याची घाई कंपनीलाही होती. १८२६ च्या तहाने कारभार टप्प्याटप्प्याने राजाकडे आला, परराष्ट्रसंबंध मात्र कंपनीने सोडले नाहीत. १८५३ मध्ये रघुजी निपुत्रिक वारले. कंपनीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले.