फडणीसांनी साखर काढली, मैदा राहिला

आमच्या काळेवाडीत केकची दुकानं गल्लोगल्ली झालीत, आणि काही ठिकाणी आधी सांगितलं तर 'शुगर फ्री' केकही करून मिळतो. बाबांचा वाढदिवस आणि बाबांनाच डायबिटीस, अशी घरं आता इतकी आहेत की या केकला गिऱ्हाईकही भरपूर. पण मंडळी, या केकचा इतिहास जरा वाकड्या वाटेने गेलाय. आणि त्यात मधोमध एक मराठी आडनाव आहे.

सुरुवात साखरेपासून नाही, पावापासून होते. मधुमेही माणसाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं 1922 च्या जानेवारीत, टोरांटोला. त्याआधी भरवसा मुख्यतः पथ्यावर. पॅरिसच्या बूशार्दा यांनी 1840 च्या दशकातच रोग्यांना ग्लूटेनचा पाव सुचवला होता. कणकेतला स्टार्च धुऊन टाकायचा आणि उरेल त्याचा पाव भाजायचा. चवीबद्दल न बोललेलं बरं. पण मुद्दा पक्का होता, की स्टार्च पोटात गेला की त्याची साखरच होते.

पुढे मात्र सगळ्यांचं लक्ष गोडीकडे वळलं. 1879 मध्ये अमेरिकेत फालबर्ग प्रयोगशाळेतून हात न धुता जेवायला बसला, पाव गोड लागला, आणि सॅकरिन सापडलं. 1965 मध्ये श्लाटरने कागद उचलायला बोट चाटलं आणि अ‍ॅस्पार्टेम सापडलं. (केमिस्ट लोकांनी हात धुतले असते तर काय झालं असतं कोण जाणे!) पण सॅकरिन मागाहून कडवट लागतं आणि अ‍ॅस्पार्टेमची गोडी भट्टीत उडते. केकला दोन्ही तशी बिनकामाची.

मग 1976. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हफ यांच्याकडे शशिकांत फडणीस हे भारतातून गेलेले तरुण संशोधक साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवण्यावर काम करत होते. सोबत टेट अँड लाइल ही साखर कंपनी. एका पदार्थाची 'टेस्ट' करा, असं त्यांना सांगितलं गेलं. म्हणजे तपासणी. फडणीसांनी ऐकलं 'टेस्ट', म्हणजे चव! आपण मराठीत दोन्ही एकसारखंच लिहितो, त्यामुळे हा घोळ आपल्याला तरी समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी पदार्थ सरळ जिभेवर ठेवला. तो साखरेच्या सुमारे 600 पट गोड निघाला. हेच सुक्रालोज. कॅनडाने त्याला 1991 मध्ये परवानगी दिली, अमेरिकेने 1998 मध्ये.

बेकिंगला हे बरंच चालतं. जर्मनीच्या सरकारी संस्थेने 2019 मध्ये 120 अंशांच्या वर त्यातून क्लोरीनयुक्त घातक संयुगं बनू शकतात असा इशारा दिलाय, पण केकचा गाभा भट्टीतही 100 च्या आसपासच राहतो. वरच्या खरपूस कवचाबद्दल तेवढी खात्री देता येत नाही.

खरी अडचण वेगळीच. 200 ग्रॅम साखरेच्या गोडीला सुक्रालोज लागतं ग्रॅमचा तिसरा हिस्सा. मग बाकीच्या 200 ग्रॅमचं काय? साखर लोण्यात हवा धरते, ओल टिकवते, रंग आणते. ती काढली की केक बसतो. म्हणून गोड पावडरीत कधी कधी माल्टोडेक्स्ट्रिन भरतात, आणि तो स्टार्चचाच भाऊ!

आणि मैदा तर तसाच. 200 ग्रॅम मैद्यात साधारण 150 ग्रॅम कर्बोदकं. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, स्टार्चचं मात्र सगळं ग्लुकोज होतं. 1981 मध्ये टोरांटोच्या जेन्किन्सनी ग्लायसेमिक इंडेक्स मांडला, तेव्हापासून हे आकड्यांत दिसतं: पांढरा पाव साखरेपेक्षा मागे नाही, थोडा पुढेच. आपल्याकडच्या 2018 च्या नियमानुसार 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपर्यंत शर्करा असेल तर 'शुगर फ्री' म्हणता येतं. स्टार्च त्या हिशेबात नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केस पास, पण रिक्वायरमेंट फेल.

'आपण बारीक आहोत, आपल्याला काय होतंय' असं म्हणणाऱ्यांसाठी: पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की आपल्याकडची बाळं जन्मतःच वजनाने कमी पण चरबीने पुरेशी असतात. काटा सडपातळ सांगतो, शरीर तसं नसतं.

तेव्हा केक सांगताना गोडी कशाची हे विचाराच, पण आधी पीठ कशाचं ते विचारा. बदामाच्या पिठात 100 ग्रॅमला साधारण 20 ग्रॅम कर्बोदकं, त्यातलाही निम्मा चोथा. त्यात ग्लूटेन नसल्याने अंडी जास्त लागतात, केक फारसा फुगत नाही, आणि मैद्याच्या मानाने महाग पडतो. तुकडा मात्र लहानच कापा, कारण बदामाचं तेल काही कमी नसतं.