शेतांतला वैरी, घरांतला राघू

विट्याच्या परिसरांत शाळू हुरड्याला आला, म्हणजे पहांटेपासून राखणदाराची गोफण फिरूं लागते. ज्या पोपटावर ती चालते, तोच आमच्या लहानपणीं ओसरीवरच्या पिंजऱ्यांत बसून डाळिंबाचे दाणे खात असे. शेतांत वैरी आणि घरांत लाडका, हें त्याचें दुहेरी दैव फार जुनें आहे.

इसवी सनापूर्वी सुमारें ४०० वर्षें, इराणच्या दरबारीं राहिलेल्या टेशियस नांवाच्या ग्रीक वैद्यानें हिंदुस्थानांतील तांबूस मुखाच्या, काळ्या दाढीच्या व माणसाप्रमाणें बोलणाऱ्या पक्ष्याचें वर्णन लिहिलें. पुढें शिकंदराच्या स्वारीनंतर पोपट पश्चिमेकडे गेले, अशी परंपरा आहे. खांद्यावर तांबडा पट्टा असलेल्या मोठ्या पोपटाचें इंग्रजी नांव शिकंदरावरूनच पडलें. आपल्याकडे शुकसप्ततीकारानें कथा सांगण्यास पोपटच निवडला. सर्वांनीं त्याची वाणी वाखाणली. त्याच्या घराची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाहीं.

तें घर म्हणजे जुन्या झाडाची ढोली. पोपट काटक्यांचें घरटें बांधीत नाहीं. खोडांतील पोकळी, सुतारपक्ष्यानें कोरून सोडलेलें भोंक किंवा पडक्या भिंतींतलें भगदाड, यांवरच त्याचा संसार. विट्याचा मुलूख पर्जन्यछायेंतला. येथें मोठीं झाडें बहुधा ओढ्याकांठीं, देवळांपाशीं व रस्त्यांच्या कडेला आढळतात. रस्ता रुंद करावयाचा झाला, कीं पहिली कुऱ्हाड यांवरच पडते. रोप नवें लावतां येतें. ढोली पडण्यास मात्र वृक्ष वयस्क व्हावा लागतो.

गळ्याला गुलाबी कांठ असलेला सामान्य पोपट चिवट आहे. लंडनच्या बागांतूनही त्याचे थवे आज स्वैर नांदतात. परंतु त्या मोठ्या शिकंदरी पोपटाची गणना जागतिक नोंदींत संकटाच्या उंबरठ्यावर झाली आहे. वृक्षतोड आणि विक्रीसाठीं पळविलेलीं पिलें, हीं त्याचीं मुख्य कारणें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं देशी पोपट पकडणें, विकणें वा पिंजऱ्यांत ठेवणें हा आज गुन्हा आहे. तरी हा व्यापार चोरून चालतोच.

आमच्या घरचा राघू ढोलींतून काढला, तेव्हां त्याचीं भावंडें वाटेंतच दगावलीं होतीं, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. तोंवर त्याच्या प्रत्येक शब्दावर आम्ही टाळ्या पिटल्या होत्या. शेतकऱ्यानें आपलें कणीस खुशाल राखावें. गोफणीच्या आवाजानें थवा उडतो आणि दुसऱ्या झाडावर बसतो. आमच्या लाडानें जो पिंजऱ्यांत शिरला, त्याला मात्र ती ढोली पुन्हा दिसली नाहीं.