‘कर’ लावलं की गाव कळतं, माणूस नाही

मागच्या वर्षी पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधत होतो. घरमालकाने आडनाव विचारलं. सांगितलं. त्यावर लगेच, “म्हणजे तुम्ही नक्की कोण?” माझं आडनाव ‘कर’वर संपतं, त्यामुळे काकांना अंदाज येईना. म्हटलं, “पनवेलचा.” उत्तर त्यांना पुरलं नाही, फ्लॅटही मिळाला नाही. पण आजचा विषय मिळाला.

आमच्या पनवेलमध्ये बेथ एल सिनेगॉग आहे, १८४९ सालचं. ते बेने इस्राएली लोकांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पुढे ते तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनिवार तेली’.

आता त्यांची आडनावं ऐका: पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर. अख्खा रायगड जिल्हा! गंमत म्हणजे, गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावणार? पेणमध्ये सगळेच पेणचे. पेणकर म्हणून ओळख पटते ती पेण सोडल्यावर. म्हणून ही आडनावं मुंबईत सापडतात, आणि १९४८ नंतर इस्राएलला गेलेल्यांमुळे लोद, अश्दोद, दिमोनातही.

कधीकधी आडनाव गावाचं जुनं रूपही जपतं. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधले जॉन चाचा आठवतात? अभिनेते डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आज नकाशावर चौल दिसतं, आडनावात अजून चेऊल आहे.

आता दिवेकर घ्या. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकिएल, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. ते कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. आणि ‘शिवभारत’ हा शिवाजी महाराजांवरचा संस्कृत ग्रंथ संपादित करणारे इतिहासकार स. म. दिवेकर. आडनाव एकच. एक ज्यू, एक हिंदू.

आता सांगा, “म्हणजे तुम्ही नक्की कोण?” याचं उत्तर दिवेकर या शब्दातून कसं निघणार? ‘कर’ एवढंच सांगतं की घरातलं कुणीतरी कधीतरी एका गावातून निघालं होतं. बाकीचं विचारणाऱ्याच्या डोक्यात असतं.

तुमच्या आडनावातलं गाव कोणतं? आज घरी आजीला विचारा. भेटू पुढच्या भागात!