पंच्याऐंशी टक्के कुठून आले?

१९६५ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ड्यूक विद्यापीठात चार विद्यार्थी एका नव्या अभ्यासक्रमाला दाखल झाले. चौघेही पूर्वी आरमारात वैद्यकीय सेवक होते. अशा सेवकाला तिकडे ‘कोअरमन’ म्हणतात. डॉक्टर जवळपास नसताना जखमा शिवणे, सलाइन लावणे, मोडलेले हाड बांधून जखमीला पुढच्या तळापर्यंत जिवंत पोहोचवणे ही त्याची रोजची कामे. पण आरमाराची नोकरी संपवून हाच माणूस गावी परतला की त्याच्या हाती काही राहत नसे. वैद्यकाची पदवी नाही, परिचारिकेची नोंदणी नाही. मग रुग्णालयात वॉर्डबॉयचे काम मिळाले तर मिळाले. कौशल्य तेच, पण त्याला नाव नव्हते. आणि ज्या कामाला नाव नाही, त्याला वेतनश्रेणीही नसते. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे काढलेल्या वाचकांना नाव आणि वेतनश्रेणी यांचे नाते समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या अभ्यासक्रमाने नाव दिले : फिजिशियन असिस्टंट, थोडक्यात ‘पीए’. (आपल्याकडे पीए म्हटले की मंत्र्यांच्या केबिनबाहेरचा माणूस डोळ्यांसमोर येतो, इथे तो अर्थ बाजूला ठेवावा.) रुग्ण तपासणे, निदान करणे, औषध लिहून देणे, शस्त्रक्रियेत हात देणे ही डॉक्टरांची कामे डॉक्टरांशी जोडलेले राहून करणारा हा व्यावसायिक. नाव मिळाले तरी पगाराचा प्रश्न उरलाच. नव्याने पात्र झालेल्या पीएला द्यायचे किती, आणि ते कशाच्या आधारावर? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेला जवळजवळ तीस वर्षे लागली, आणि हाती जे उत्तर आले तो एक आकडा होता : ८५ टक्के.

आधी या पदाची गरज का पडली ते पाहू. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा अमेरिकी वैद्यकीय शिक्षणावरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर निकृष्ट म्हणून गणल्या गेलेल्या अनेक वैद्यकीय शाळा बंद पडल्या. कृष्णवर्णीयांसाठीच्या सात शाळांपैकी पाच त्यांत होत्या. शिक्षणाचा दर्जा उंचावला हे खरे, पण डॉक्टर कमी झाले आणि महागले. दुसऱ्या महायुद्धानंतर विशेषज्ञ होण्याकडे ओढा वाढला, तसा खेड्यातला साधा डॉक्टर दिसेनासा होऊ लागला. १९५९ मध्ये सरकारनेच नेमलेल्या बेन समितीने पुढे डॉक्टरांचा मोठा तुटवडा पडेल असा इशारा दिला.

आपल्याकडेही अशीच एक घटना घडली आहे. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमधून एल.सी.पी.एस. झालेले डॉक्टर जुन्या पिढीला आठवत असतील. पदवीधरांपेक्षा कमी मुदतीचे शिक्षण, सरकारी नोकरीत दुय्यम पद आणि तसाच दुय्यम पगार. पण तालुक्याच्या गावी भेटणारा डॉक्टर बहुधा हाच. १९४६ च्या भोर समितीतील बहुमताने हा वर्ग बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर घडवावा अशी शिफारस केली. सहा सदस्यांनी भिन्न मत नोंदवले, पण ते मागे पडले. म्हणजे आपण मधली पायरी काढून टाकली आणि त्यानंतर वीस वर्षांच्या आत अमेरिकेने ती नव्याने बसवली.

ड्यूकमध्ये ही पायरी बसवणारे डॉ. यूजीन स्टेड हे तिथल्या वैद्यकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांची पहिली पसंती खरे तर परिचारिकांना होती. थेल्मा इंगल्स या परिचारिका-अध्यापिकेबरोबर त्यांनी १९५७ च्या सुमारास परिचारिकांसाठी प्रगत अभ्यासक्रम आखला. परिचर्या शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता नाकारली. परिचारिकांनी डॉक्टरांची कामे करावीत आणि ती डॉक्टरांनी शिकवावीत, हेच त्या संस्थेला पसंत नव्हते. मग स्टेड यांची नजर कोअरमनकडे वळली. त्यांच्यापुढे एक जिवंत उदाहरणही होते. त्याच राज्यातील गार्लंड या लहानशा गावी डॉ. एमॉस जॉन्सन यांच्या दवाखान्यात बडी ट्रेडवेल नावाचे कृष्णवर्णीय साहाय्यक होते. कोणतीही पदवी नसताना जॉन्सन यांच्या हाताखाली ते तयार झाले, इतके की जॉन्सन डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या कामासाठी निर्धास्तपणे गाव सोडून जाऊ शकत.

चौघांपैकी तिघे ६ ऑक्टोबर १९६७ रोजी उत्तीर्ण झाले. पहिल्या तुकडीत सगळे पुरुष होते. पहिली स्त्री, जॉइस निकोल्स, १९७० मध्ये उत्तीर्ण झाली. परिचारिकांनाच हे शिक्षण मिळाले असते, तर त्यांचा पगार परिचारिकेच्या श्रेणीत थोडी भर घालून ठरला असता, असे मला वाटते. नव्या नावामुळे कोरी पाटी मिळाली. आज या व्यवसायात दहापैकी सुमारे सात जण स्त्रिया आहेत, हे त्या इतिहासाकडे पाहता गमतीचे वाटते.

पण कोऱ्या पाटीवर आकडा कोण लिहिणार? योगायोग असा की, १९६५ हेच वर्ष ‘मेडिकेअर’ कायद्याचेही. पासष्ट वर्षांवरील नागरिकांच्या उपचारांचा खर्च सरकार देऊ लागले. मात्र पैसे मिळत ते डॉक्टरांच्या बिलाला. पीएने रुग्ण तपासला तर त्या कामाची स्वतंत्र किंमत शून्य. डॉक्टर जागेवर हजर असतील आणि ते काम त्यांच्याच उपचाराचा भाग असेल, तर डॉक्टरांच्या नावाने पूर्ण बिल लावता येई. म्हणजे तोच माणूस, तेच काम. पण शेजारच्या खोलीत डॉक्टर असले तर शंभर टक्के, नसले तर काहीच नाही. डॉक्टर जिथे नाहीत तिथे जावे म्हणून ज्याला तयार केले, त्याला नेमके तिथेच पैसे मिळत नव्हते.

ही अडचण ओळखून वॉशिंग्टन विद्यापीठातील डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी १९६९ मध्ये ‘मेडेक्स’ नावाची वेगळी रीत काढली. ते पूर्वी नायजेरियात पीस कोअरचे डॉक्टर होते. माजी कोअरमनना तीन महिने विद्यापीठात शिकवायचे आणि पुढचे वर्षभर एखाद्या ग्रामीण डॉक्टरकडे ठेवायचे. तोच डॉक्टर पुढे त्याला नोकरीवर घेईल अशी जोडी आधीच जुळवायची. नोकरीची हमी मिळाली, तरी पगार त्या डॉक्टरच्या खिशातून आणि त्याच्या मर्जीनेच ठरे. १९७७ च्या कायद्याने ग्रामीण दवाखान्यांत पीएच्या कामालाही पैसे मिळू लागले. १९८६ मध्ये पुढचे पाऊल पडले. शस्त्रक्रियेत साहाय्य केल्यास डॉक्टरच्या दराच्या ६५ टक्के, रुग्णालयात ७५ टक्के, वृद्धांच्या शुश्रूषागृहात ८५ टक्के असे दर ठरले. त्याच वर्षी संसदेच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाने अहवाल दिला की, आपल्या कक्षेतील कामांत पीएची सेवा डॉक्टरांच्या तोडीची असते. तोडीची, पण ६५ टक्के! अखेर १९९७ च्या कायद्याने ग्रामीण-शहरी भेद मिटवून सरसकट ८५ टक्के हा दर ठरवला. १९९८ पासून तो लागू झाला.

इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. याच काळात अमेरिकेत डॉक्टरांचे काम मोजण्याचा एक मोठा प्रयोग झाला होता. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम श्याव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी मानसभौतिकीतील एक पद्धत वापरली. आवाजाची तीव्रता माणसाला कशी जाणवते हे मोजताना एक प्रमाण स्वर ऐकवून त्याला समजा १० गुण देतात. पुढचा स्वर दुप्पट मोठा वाटला तर ऐकणाऱ्याने २० म्हणायचे. माणसे अशा गुणोत्तरांबाबत आश्चर्य वाटावे इतकी एकमताची उत्तरे देतात. श्याव यांनी डॉक्टरांना स्वरांऐवजी कामे दिली. एक प्रमाण काम १०० गुणांचे धरा, आणि वेळ, कौशल्य, बौद्धिक श्रम व ताण लक्षात घेऊन सांगा की हे दुसरे काम किती गुणांचे? त्यातून प्रत्येक कामाचे ‘सापेक्ष मूल्य’ निघाले. त्यात दवाखान्याचा खर्च आणि विम्याचा खर्च असे आणखी दोन भाग मिळवून १९९२ पासून मेडिकेअरचे दर ठरू लागले.

मोजमाप कामाचे झाले, करणाऱ्याचे नव्हे. मग त्याच कामाला ०.८५ ने का गुणायचे? शिक्षण कमी आहे, सोपे रुग्ण वाट्याला येतात, असे समर्थन करता येईल, आणि ते अगदीच पोकळ नाही. पण सोप्या रुग्णाचे सापेक्ष मूल्य आधीच कमी असते. तीच गोष्ट दोनदा वजा का करायची? शिवाय कपात तिन्ही भागांवर होते. पीएने वापरलेल्या खोलीचे भाडे काही १५ टक्क्यांनी स्वस्त होत नाही. २००२ साली मेडिकेअरविषयी संसदेला सल्ला देणाऱ्या आयोगानेच नमूद केले की, या टक्केवारीला विश्लेषणाचा विशिष्ट आधार नाही. म्हणजे तो तडजोडीचा आकडा होता.

नवख्या पीएच्या पगाराची बोलणी याच आकड्याभोवती फिरतात. अमेरिकी श्रम खात्याच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार पीएचे मध्यक वार्षिक वेतन १,३०,०२० डॉलर होते. डॉक्टरांचे मध्यक २,३९,२०० डॉलर किंवा त्याहून अधिक. म्हणजे पगार फार तर ५४ टक्के आणि दर ८५ टक्के. दोघांचे रुग्ण, तास आणि विशेष शाखा सारख्या नसतात, त्यामुळे या दोन टक्केवारींची थेट वजाबाकी करणे योग्य नाही. पण पीए नेमणे मालकाला का परवडते ते यावरून दिसते. मालकाचे म्हणणे असते की नवखा माणूस पहिले काही महिने सावकाश काम करतो, त्याला शिकवण्यात डॉक्टरांचा वेळ जातो. ते खरेही आहे. म्हणून सुरुवातीला ठरावीक पगार आणि पुढे सापेक्ष मूल्यांच्या बेरजेनुसार जादा रक्कम, अशी रीत अनेक ठिकाणी आहे. नवख्याची अडचण अशी की, डॉक्टरांच्या नावाने लागलेल्या बिलात त्याचे काम दिसतच नाही. आपण किती मिळवून दिले याचा पुरावा त्याच्याजवळ नसतो.

पगाराखेरीजच्या लाभांत आरोग्य विमा, रजा, निवृत्ती खात्यातील मालकाचा वाटा या गोष्टी आल्याच. दर दोन वर्षांनी १०० गुणांकांचे पुढील शिक्षण करावे लागते, त्यासाठीचा भत्ताही येतो. सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे चुकीच्या उपचारांच्या दाव्यांविरुद्धचा विमा. १९७० च्या दशकात अमेरिकेत असे दावे इतके वाढले की, कंपन्यांनी विम्याचे स्वरूपच बदलले. पूर्वी घटना विम्याच्या काळात घडली असेल, तर दावा केव्हाही आला तरी संरक्षण मिळे. नव्या प्रकारात दावा दाखल होतानाही विमा चालू असावा लागतो. नोकरी सोडल्यावर तीन वर्षांनी दावा आला तर? त्यासाठी वेगळा जोडविमा घ्यावा लागतो. त्याला तिकडे ‘शेपूट’ म्हणतात, आणि त्याचा एकरकमी हप्ता अनेकदा वार्षिक हप्त्याच्या दीड-दोन पट असतो. ही शेपूट कोणी भरायची हे करारात लिहिलेले नसले, तर चांगल्या पगाराची नोकरी सोडताना महागात पडते.

या सगळ्याचा परिणाम रुग्णांवरही झाला. सत्तरच्या दशकात बहुसंख्य पीए प्राथमिक उपचारांत काम करत. आता तेथे साधारण एक चतुर्थांशच आहेत. सापेक्ष मूल्ये शस्त्रक्रियेकडे आणि विशेष शाखांकडे झुकलेली, त्यामुळे पगारही तिकडेच जास्त. नव्या पदवीधराच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असते. तो गार्लंडसारख्या गावी का जाईल?

भारतात या पदाचे शिक्षण १९९२ मध्ये मद्रासमध्ये, हृदयशस्त्रक्रियेच्या गरजेतून सुरू झाले. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत ते नोंदले गेले आहे. आपले विद्यार्थी बारावीनंतर या पदवीविषयी विचारू लागले आहेत. त्यांना अभ्यासक्रमाबरोबरच बिल कोणाच्या नावाने लागते हेही विचारायला सांगावे.

अमेरिकेत २०१९ मध्ये त्याच सल्लागार आयोगाने डॉक्टरांच्या नावाने बिल लावण्याची ती जुनी सवलत बंद करावी अशी शिफारस केली. २०२२ च्या जानेवारीपासून पीएला मेडिकेअरचे पैसे थेट स्वतःच्या नावावर घेता येतात. दर मात्र ८५ टक्केच ठेवला आहे.