सुडो

लिनक्स संगणकप्रणालीतील एक आज्ञा. साध्या वापरकर्त्याला प्रशासकाचे अधिकार, सगळे किंवा नेमून दिलेल्या कामापुरतेच, तिच्यामुळे वापरता येतात. लिनक्समध्ये ‘रूट’ हे खाते सर्वाधिकारी असते. त्याला कोणतीही फाइल पुसता येते, कोणाचाही पासवर्ड बदलता येतो. रूटचा पासवर्ड चौघांना सांगून ठेवला, की चूक कोणाच्या हातून झाली हे कळायला मार्ग उरत नाही. सुडोमध्ये ज्याने त्याने स्वतःचाच पासवर्ड द्यायचा असतो. तो टाइप करताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही. नवख्याला वाटते कीबोर्ड बिघडला. कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली याची नोंद मात्र राहते.

बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी १९८०च्या सुमारास बफलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात सुडो लिहिली. पुढे तिची देखभाल टॉड मिलर यांनी अनेक वर्षे केली.

नेमून दिलेल्या अधिकाराची गरज दूरच्या गावात कळते. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसाचेच पाहा. या भागात पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला, की आलापल्ली–भामरागड रस्ता बंद पडत आला आहे. अशा गावच्या शाळेत लिनक्सचे संगणक असतील आणि छपाईची सेवा अडकली, तर नागपूरहून जाणकार येईपर्यंत थांबणे परवडत नाही. तिथल्याच शिक्षकाला ती सेवा पुन्हा सुरू करण्याचा, तेवढाच, अधिकार देऊन ठेवावा. याच जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर ठरावीक इंजेक्शन द्यायला शिकवले, आणि बालमृत्यू घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दूरच्या मुलखात अधिकार जवळच्या माणसाकडे हवा, पण नेमका.

पूर्ण अधिकार द्यायचे असल्यास वापरकर्त्याला डेबियन, उबुंटू यांत ‘सुडो’ गटात, तर फेडोरात ‘व्हील’ गटात घालतात. ‘यूजरमॉड’ या आज्ञेने हे करताना जुन्या गटांत भर घालण्याचा पर्याय विसरला, तर त्या माणसाचे आधीचे इतर गट सुटतात. बदल लागू होण्यासाठी त्याला बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे लागते. मोजक्या आज्ञांची परवानगी ‘सुडोअर्स’ फाइलमध्ये लिहितात. ही फाइल ‘व्हिसुडो’ या साधनानेच उघडावी, जतन करण्याआधी ते फाइलचे व्याकरण तपासते. एका चुकीच्या ओळीने सुडोच बंद पडू शकते, आणि रूटचा पासवर्ड ठेवलेला नसेल तर दुरुस्तीही अवघड होते. ‘व्हीआय’सारख्या संपादकाची परवानगी निरुपद्रवी वाटते, पण त्यातूनच रूटची शेल, म्हणजे रूट म्हणून हवी ती आज्ञा देण्याची जागा, उघडता येते; ती परवानगी देणे म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या देणे.

सुडोतही दोष निघतात. २०११ पासून दडलेला एक गंभीर दोष जानेवारी २०२१ मध्ये उघड झाला. सुडोअर्सच्या यादीत नाव नसलेल्यालाही त्यातून रूट होता येत होते. म्हणून अद्ययावत आवृत्ती ठेवावी, आणि ज्याची बदली झाली त्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढावे.