मोडीतले माणिक : जुन्या बाजारातील संस्मरणीय खरेदीच्या कथा

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲडम्सटाऊन नावाचे एक लहानसे गाव आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारासाठी ते प्रसिद्ध आहे. १९८९ साली तेथे एका ग्राहकाने चार डॉलर देऊन एक चित्र विकत घेतले. चित्र यथातथाच होते; त्याच्या मनात भरली होती ती चित्राची चौकट. घरी येऊन त्याने चित्र सोडवायला घेतले, तेव्हा चौकट मोडून हातात आली. मात्र चित्र आणि मागची फळी यांच्यामध्ये घडी करून ठेवलेला एक छापील कागद निघाला. तो होता अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा! ४ जुलै १७७६ च्या रात्री फिलाडेल्फियाचा मुद्रक जॉन डनलॅप याने छापलेल्या पहिल्या प्रतींपैकी ती एक होती. अशा सुमारे २०० प्रती छापल्या गेल्या असाव्यात. आज त्यांतील २६ ज्ञात आहेत. जून १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात या कागदाला २४ लाख २० हजार डॉलर मिळाले आणि २००० साली तो पुन्हा विक्रीस निघाला तेव्हा बोली ८१ लाख डॉलरच्या पुढे गेली.

अशा कथा वाचल्या की मनुष्य नशिबाला हात जोडतो. तथापि थोडे बारकाईने पाहिले तर वस्तू स्वस्तात मिळणे हा या कथांचा केवळ आरंभ असतो, असे ध्यानात येते. वस्तू नेमकी काय आहे, ती अस्सल आहे काय आणि ती कायद्याने आपली आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे सारे अवलंबून असते. काहींना तिन्ही उत्तरे मिळाली, काहींना दोनच, तर काहींची एका उत्तरापायी आयुष्याची वर्षे गेली.

गॅरेज सेल म्हणजे काय?

अमेरिकेत घर बदलताना किंवा अडगळ काढताना लोक नको असलेल्या वस्तू घराच्या गॅरेजमध्ये वा अंगणात मांडून विकतात. हीच गॅरेज सेल किंवा यार्ड सेल. घरातील वृद्ध व्यक्ती निवर्तल्यानंतर सगळे घरच विक्रीस काढले जाते, त्याला इस्टेट सेल म्हणतात. ब्रिटनमध्ये लोक मोकळ्या मैदानात मोटारी उभ्या करून, डिकी उघडून विक्री करतात. त्याचे नाव कार बूट सेल. अमेरिकेत नव्याने संसार थाटणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे बाजार परिचयाचे आहेत. एखादे टेबल, दिवा, मुलांची सायकल अशा खरेदीसाठी ती शनिवारी-रविवारी सकाळी तेथे चक्कर मारतात.

येथे मौल्यवान वस्तू कवडीमोलाने का विकली जाते, याचे कारण साधे आहे. ती ज्याने हौसेने जमवली, तो हयात नसतो. वारसांना घर रिकामे करण्याची घाई असते. वस्तू मागे राहते, तिची माहिती मात्र माणसाबरोबर निघून जाते.

ओळख पटेपर्यंत

२००७ साली न्यूयॉर्क राज्यातील एका कुटुंबाने अशाच विक्रीत तीन डॉलरला एक लहानसा पांढरा वाडगा घेतला आणि दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवून दिला. काही वर्षांनी कुतूहल म्हणून तो तज्ज्ञांना दाखविला, तेव्हा तो चीनमधील उत्तर सोंग राजवटीतील, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा ‘डिंग’ वाडगा असल्याचे निष्पन्न झाले. त्याच्याशी मिळताजुळता दुसरा वाडगा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मार्च २०१३ मध्ये तो २२ लाख डॉलरहून अधिक किमतीस विकला गेला.

अमेरिकेतीलच कनेटिकट राज्यात एका जाणकार ग्राहकाने अशाच विक्रीत ३५ डॉलरला मिंग काळातील निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचा वाडगा घेतला. त्याने घासाघीस केली नाही. लगोलग लिलावगृहाकडे छायाचित्रे धाडली. मार्च २०२१ मध्ये त्या वाडग्याला सात लाख २१ हजार डॉलर मिळाले. पहिल्या कुटुंबाला कळायला वर्षे लागली, दुसऱ्याला क्षणभर पुरला. फरक होता तो नजरेचा.

लंडनमधील एका महिलेची कथा तर अधिकच रंजक आहे. १९८०च्या दशकात तिने कार बूट सेलमध्ये दहा पौंडांना एक अंगठी घेतली. खडा मोठा, पण मळकट. खोटाच असणार, असे समजून ती सुमारे ३० वर्षे रोज वापरली. पुढे एका सराफाने तो खडा खरा असावा, अशी शंका व्यक्त केली. तपासणीअंती तो २६.२७ कॅरटचा हिरा ठरला. जुन्या पद्धतीने पैलू पाडलेले हिरे आजच्या हिऱ्यांइतके झगमगत नाहीत, म्हणून इतकी वर्षे कोणालाच संशय आला नव्हता. २०१७ साली लिलावात त्याला सहा लाख ५६ हजार पौंड मिळाले.

वितळता वितळता वाचलेले अंडे

रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याने १८८७ च्या ईस्टरला आपल्या राणीस फाबर्जेच्या कार्यशाळेत घडविलेले सुवर्णाचे अंडे भेट दिले. त्यात व्हाशेरॉन कॉन्स्टँटिन या प्रसिद्ध कंपनीचे इवलेसे घड्याळ होते. क्रांतीनंतर ते इतर राजसंपत्तीबरोबर जप्त झाले आणि पुढे नाहीसे झाले. १९६४ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात ते कोणालाही न ओळखता २,४५० डॉलरना विकले गेले होते, हे फार नंतर उघडकीस आले.

पुढे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका भंगार व्यावसायिकाने ते सुमारे १४ हजार डॉलरना घेतले. सोने वितळवून थोडाफार नफा मिळवावा, एवढाच त्याचा विचार. परंतु त्याचा हिशेब चुकला होता. सोन्याला तेवढा भाव द्यायला कोणी तयार होईना. तोट्यात विकायचे नाही म्हणून अंडे स्वयंपाकघरात पडून राहिले. २०१२ साली एका रात्री त्याने ‘अंडे’ आणि घड्याळावरील नाव हे शब्द टाकून इंटरनेटवर शोध घेतला. समोर आला तो एका ब्रिटिश वृत्तपत्रातील लेख, हरवलेल्या शाही अंड्याविषयीचा. तो छायाचित्रे घेऊन लंडनच्या वॉर्टस्की या जवाहिऱ्यांच्या पेढीत दाखल झाला. पेढीचे तज्ज्ञ किरन मॅकार्थी यांनी अमेरिकेत जाऊन ते अंडे स्वतः तपासले. २०१४ साली ते लंडनमध्ये लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आले. त्याचे मोल दोन कोटी पौंडांच्या घरात सांगितले गेले. खरेदीच्या वेळी हिशेब बरोबर आला असता, तर हे अंडे केव्हाच मुशीत गेले असते.

सापडले, पण कोणाचे?

दुसरा प्रश्न मालकीचा. २०१२ साली व्हर्जिनियातील एका महिलेने रेन्वार या फ्रेंच चित्रकाराचे सीन नदीकाठचे एक छोटेखानी चित्र लिलावास आणले. बाजारातील एका खोक्यात सात डॉलरला ते मिळाल्याचे तिचे म्हणणे होते. लिलावाला काही दिवस उरले असताना एका वार्ताहराने जुनी कागदपत्रे चाळली आणि हे चित्र पूर्वी बाल्टिमोरच्या कला संग्रहालयात असल्याचे उघड झाले. १९५१ साली ते तेथून चोरीस गेले होते. लिलाव रद्द झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१४ मध्ये चित्र संग्रहालयाला परत देण्याचा आदेश झाला. चोरीचा माल कितीही भाबडेपणाने घेतला, तरी तो आपला होत नाही.

याउलट उदाहरण इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरचे. तेथील एका बेकार माणसाने कार बूट सेलमध्ये अडीच पौंडांना मिळालेले जुने धातुशोधक यंत्र घेऊन जुलै २००९ मध्ये एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या शेतात शोध घेतला. अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्या-चांदीच्या वस्तूंचा आजवरचा सर्वांत मोठा साठा त्याला मिळाला. त्याने अधिकाऱ्यांना कळविले. ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्यानुसार साठ्याचे मूल्य ३२ लाख ८५ हजार पौंड ठरले. ते त्याला आणि शेतकऱ्याला समान वाटून मिळाले. साठा बर्मिंगहॅम व स्टोकच्या संग्रहालयांनी घेतला.

२०१५ साली हेरफर्डशायरमध्ये व्हायकिंग काळातील नाणी व दागिने सापडलेल्या दोघांनी मात्र ते दडवून परस्पर विकायला काढले. २०१९ साली त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. सुमारे ३०० नाण्यांपैकी ३१ च हाती लागली. त्यांतील काहींवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा दुसरा सोलवुल्फ हे दोघे शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही राजांतील मैत्रीचा हा पुरावा इतिहासाने जवळजवळ गमावलाच होता.

सिद्ध न झालेले सोने

काही शोध मधल्या वाटेवरच अडकून पडतात. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे २००० साली एकाने गॅरेज सेलमध्ये ४५ डॉलरना काचेच्या ६५ निगेटिव्ह घेतल्या. त्या ख्यातनाम छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्या असल्याचा दावा त्याने २०१० साली केला. २० कोटी डॉलरचा आकडाही झळकला. ॲडम्स यांच्या न्यासाने दावा फेटाळला. अखेर २०११ मध्ये तडजोड झाली : छायाचित्रे विकता येतील, पण ॲडम्स यांचे नाव वापरता येणार नाही. चित्रे तीच राहिली, नाव गेले आणि नावाबरोबर किंमतही.

याच्या अगदी उलट घडले व्हिव्हियन मायर यांच्याबाबतीत. शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या या महिलेने आयुष्यभर रस्त्यावरील जीवनाची छायाचित्रे टिपली आणि क्वचितच कोणाला दाखविली. गोदामाचे भाडे थकल्याने त्यांचे सामान २००७ मध्ये लिलावात निघाले. जॉन मालूफ या तरुणाने शिकागोवरील पुस्तकासाठी उपयोगी पडतील म्हणून सुमारे ४०० डॉलरना निगेटिव्हचे एक खोके घेतले. एप्रिल २००९ मध्ये मायर निवर्तल्या आणि त्यानंतर जगाला एक थोर छायाचित्रकार गवसली. पुढे त्यांच्या वारसांवरून व स्वामित्वहक्कावरून वाद उद्भवले, कारण निगेटिव्हची मालकी आणि छायाचित्राचा स्वामित्वहक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपल्याकडे

मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार पिढ्यान्‌पिढ्या हौशी संग्राहकांना खुणावत आले आहेत. डॉ. दिनकर केळकर अर्थात कवी ‘अज्ञातवासी’ यांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती अशा घरगुती वस्तू जमविल्या. १९७५ साली तो संग्रह त्यांनी राज्य शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्याचे फळ. मोडीत निघणाऱ्या वस्तूंत संस्कृती पाहण्याची दृष्टी त्यामागे होती.

ती दृष्टी नसली की काय होते, याचे उदाहरण चंडीगडचे आहे. पिएर जानरे यांच्या मार्गदर्शनाखाली १९५०च्या दशकापासून घडविलेल्या साग व वेताच्या खुर्च्या तेथील सरकारी कार्यालयांनी मोडक्या सामानाच्या भावात लिलावात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत मोठ्या किमतींना विकल्या. २०११ मध्ये केंद्राने अशा विक्रीवर बंदी घातली, तोवर बरेच सामान गेलेले होते.

वस्तू हाती लागली तर

• घासूनपुसून लखलखीत करू नका. नाणे किंवा मूर्ती चिंचेने घासली की तिचे वय सांगणारा थर निघून जातो आणि मोलही उतरते.

• कोठे, केव्हा, कितीला घेतली याची नोंद व पावती ठेवा. मागील चिठ्ठी, शिक्का, जुनी चौकट फेकू नका.

• मत एकाचेच घेऊ नका. विशेषतः जो स्वतः विकत घ्यायला उत्सुक आहे, त्याचे तर नकोच.

• १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते व कागदपत्रे पुरावस्तू ठरतात. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. मूर्ती, चित्रे अशा काही प्रकारांची नोंदणी आवश्यक आहे. परदेशस्थ नातलगांना भेट देताना हे ध्यानी असावे.

• जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे.

लाखांत एखाद्यालाच चार डॉलरच्या चौकटीमागे जाहीरनामा सापडतो. परंतु आजोबांची ट्रंक रद्दीवाल्याला देण्यापूर्वी तिच्यातील कागद एकदा उलगडून पाहणे प्रत्येकाच्या हाती आहे. विकणाऱ्यांनी एवढे केले असते, तर वरच्या कथांपैकी निम्म्या घडल्याच नसत्या.