तिथीवर चालणारे पाणी

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राई, मुर्धे आणि मोर्वे ही साष्टीतील जुनी गावे लागतात. उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र असल्यामुळे येथील आगरी व कोळी लोकांचा दिनक्रम सूर्याइतकाच चंद्रानेही आखून दिलेला होता.

भरतीची वेळ काढावयास घड्याळाची गरज नसे. पंचांग पुरे होई. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो, असा या किनाऱ्यावरील ठोकताळा आहे. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. दिवसा तसेच रात्रीही. त्यात तासाभराचा फरक पडू शकतो. तथापि होडी सोडावयास एवढा हिशेब पुरतो.

या हिशेबाचे मूळ आकाशात आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तोवर चंद्रही पुढे सरकतो. म्हणून एखादे स्थळ पुन्हा त्याच्यासमोर येण्यास सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात. तेवढ्या अवधीत दोन भरत्या येतात, व भरती रोज सुमारे ५० मिनिटे मागे पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती परस्परांस छेद देते व भांगाचे मंद पाणी येते. न्यूटनने ही उपपत्ती १६८७ मध्ये मांडली. मुंबईस अपोलो बंदरावर भरतीची यांत्रिक नोंद १८७८ पासून सुरू झाली. त्या किनाऱ्यावर उधाणाचे पाणी साडेतीन मीटरांच्या आसपास चढते-उतरते. भांगाचे त्याच्या निम्म्याहूनही कमी.

मिठागरांचा सारा व्यवहार या फरकावर उभा होता. उधाणाचे पाणी बांधाच्या उघाडीतून साठवणीच्या तळ्यात घ्यावयाचे, मग उथळ वाफ्यांत उन्हाने आटवावयाचे. एक उधाण हुकले की पुढील पंधरवड्याची वाट पाहणे आले.

राजकारणही या पाण्यापासून अलिप्त राहिले नाही. खाडीच्या मुखाशी धारावीचा डोंगर आहे. मुंबईतील धारावीहून हा निराळा. वसईच्या किल्ल्यास समुद्र, खाडी व दलदल यांचा वेढा असल्यामुळे पोर्तुगीजांस रसद मिळावयाची ती जलमार्गानेच. म्हणून मराठ्यांनी १७३९ च्या मार्चमध्ये धारावी घेतली. त्यानंतर चिमाजी अप्पांच्या फौजेने जमिनीकडील बाजूस सुरुंग लावून तट फोडला, आणि मे महिन्यात वसई पडली.

पुढे शहर वाढले आणि पंचांगाचा हा उपयोग विस्मृतीत गेला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दुपारी समुद्रास ४.४८ मीटरांची भरती होती. नाल्यांची मुखे समुद्रानेच रोधली, व पावसाचे पाणी वस्तीत शिरले. खाजणे, तिवरांची राने व मिठागरे ही ओसाड भूमी नव्हे. चढत्या पाण्यास पसरावयास ठेवलेली ती जागा होय. ती भरून काढता येते; चंद्राची तिथी मात्र कोणास बदलता येत नाही.